खंडेनवमीच्या पाटावरचा मुद्देमाल

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. आता ब्रिस्बेनजवळ स्प्रिंगफील्ड लेक्सला मुलीकडे असतो, सकाळी तळ्याभोवती एक फेरी मारतो आणि मुलीच्या हातचा चहा पितो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले आणि त्यातलं पुष्कळसं विसरलोही. ऑक्टोबरातला लाँग वीकेंड आला की मात्र एक केस डोक्यात येऊन बसते. ती झटपट सुटली होती, मुद्देमाल शाबूत मिळाला होता, वरिष्ठांनी पाठ थोपटली होती. आणि नेमकी तीच विसरता येत नाही.

नव्वदच्या दशकाचा मधला काळ होता. मी वॉलॉंगॉंगला डिटेक्टिव्ह होतो. मी मूळचा वसईचा, ख्रिस्ती, घरात मराठी. इथे येऊन पोलिसात भरती झालो तेव्हा आईने कळवलं होतं, "एवढ्या लांब जाऊन पोलीसच व्हायचं होतं, तर ठाण्यात काय जागा कमी होत्या?"

त्या सुमारास युरोपातल्या तोफा आणि चिलखती गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांचे लोक आमच्या बाजूला फार दिसू लागले होते. शीतयुद्ध संपलं आणि त्यांची घरची गिऱ्हाइकं आटली. ज्या सरकारांनी वर्षानुवर्षं डोळे मिटून माल घेतला, ती आता एकेक नट-बोल्टचा हिशेब मागू लागली. मग हे लोक जहाजावर तोफ चढवून जगाच्या या टोकाला यायचे. भारी सूट, गुळगुळीत कागदावरची रंगीत पत्रकं आणि सोबत एक खरीखुरी तोफ. अशा दोन कंपन्या त्या वर्षी समोरासमोर होत्या. दोन वेगळ्या देशांच्या, आणि एकमेकींच्या नावाने बोटं मोडणाऱ्या. त्यातल्या एकीने पोर्ट केंबलाच्या स्टील कारखान्यापासून जवळच एक शेड घेतली होती. ऑर्डर मिळालीच, तर काही भाग इथल्या पोलादातून करायचे असा बेत होता.

शनिवारी सकाळी त्या शेडमधून फोन आला. युरोपातून नुकताच येऊन पोचलेला त्यांचा मोठा मॅनेजर तपासणी करत होता आणि तोफेचा एक भाग गायब होता. तोफेच्या मागच्या तोंडाशी बसतो आणि दारूला ठिणगी देतो तो हा भाग. पोलादाचा, मुठीत मावेल एवढा. तो नसेल तर अख्खी तोफ म्हणजे नुसतं लांबलचक नळकांडं. म्हणूनच तोफ उभी असताना तो काढून वेगळ्या कपाटात कुलूपबंद ठेवतात. कुलूप फोडलेलं नव्हतं. किल्ल्या तिघांकडे होत्या: मॅनेजर, स्टोअरकीपर आणि एक इंजिनिअर. पुढच्याच आठवड्यात लष्कराचे अधिकारी तोफ पाहायला यायचे होते.

मॅनेजरच्या मते यात तपास करण्यासारखं काही नव्हतंच. "हे त्यांचंच काम आहे," तो म्हणाला. त्यांचं म्हणजे दुसऱ्या कंपनीचं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं. यांनी स्वतः पूर्वी काय काय उद्योग केले असतील याचा अंदाज मला तिथल्या तिथे आला.

रविवारी सकाळी निनावी फोन आला. बाईचा आवाज. "तोफेच्या शेडमधल्या त्या इंडियन इंजिनिअरला विचारा, शुक्रवारी पेंडल हिलला तो कोणाबरोबर उभा होता." एवढं बोलून तिने फोन ठेवला; ती कोण होती ते पुढेही कळलं नाही. आम्ही चौकशी केली. शुक्रवारी संध्याकाळी सिडनीच्या त्या उपनगरात, स्टेशनजवळच्या भारतीय वाणसामानाच्या दुकानासमोर तो बराच वेळ एका माणसाशी बोलत उभा होता, आणि तो माणूस दुसऱ्या कंपनीच्या इथल्या कचेरीत काम करत होता.

आमच्या इन्स्पेक्टरने फाइल माझ्याकडे सरकवली. "ही इज वन ऑफ युवर्स, मेट."

मी नाव पाहिलं. इंजिनिअर पुण्याचा होता. वसईचा ख्रिस्ती आणि पुण्याचा ब्राह्मण, दोघे एकाच गावचे कसे होतील हे इन्स्पेक्टरला समजावण्यात अर्थ नव्हता. पण मराठी दोघांची, हे खरं.

तो बोलावल्याबरोबर आला. चाळिशीचा, नीट भांग पाडलेला, नाकासमोर चालणारा माणूस. घरी ऑफिसचं काम निघालंय असं सांगून आलो, म्हणाला. आमच्याकडे तेव्हा जबाब टेपवर घ्यायची पद्धत नुकतीच रुळली होती. मी त्याला रीतसर समज दिली, की बोलायचं नसेल तर बोलू नका, बोललात तर ते पुराव्यात वापरता येईल. त्याने पहिला पर्याय निवडला.

"शुक्रवारी कपाट तुम्ही उघडलंत?"

"त्याबद्दल मी आज काही सांगू शकत नाही."

"पेंडल हिलला भेटलेला माणूस कोण?"

"जुना मित्र. आम्ही कामाचं बोलत नाही. दोघांच्याही नोकऱ्या जातील."

"मग बोललात काय एवढं?"

"साहेब, नारळ कुठे चांगले मिळतात, हे."

मला राग आला. पोलिसाला कोणी खुळ्यात काढलं की येतो तसा. पण त्याच्याकडे पाहताना दोन गोष्टी मनात टोचल्या. एक म्हणजे तो 'आज' सांगू शकत नाही म्हणाला होता. गप्प बसणारे गुन्हेगार 'आज' म्हणत नाहीत. दुसरी, त्याच्या उजव्या हाताच्या अनामिकेच्या टोकावर लालसर पिवळा डाग होता. बाकी हात स्वच्छ. ग्रीसचा डाग तर्जनीला लागतो, अंगठ्याला लागतो. एकट्या अनामिकेला लागत नाही.

त्याला घरी जाऊ दिलं. मागे साध्या गाडीतून दोन माणसं ठेवली. इन्स्पेक्टरचा हिशेब असा की हा आपल्याला गिऱ्हाइकापर्यंत नेईल. मॅनेजरचंही हेच म्हणणं होतं. त्याला त्याच्या भागापेक्षा दुसऱ्या कंपनीचा माणूस पकडलेला पाहायची जास्त घाई होती.

दुपारी मी पेंडल हिल गाठलं. दुकानदार गुजराती, मला ओळखणारा. त्याने गठ्ठ्यातून कोथिंबिरीच्या जुड्या सोडवता सोडवता सांगितलं, "हां, आये थे दोनो. नारियल लिया, सुपारी, हल्दी-कुंकू, अगरबत्ती. गेंदे का फूल पूछ रहे थे, वो खतम हो गया था. कल दशहरा है ना, साहब."

मी तिथेच तांदळाच्या पोत्याला टेकून उभा राहिलो. उद्या दसरा, म्हणजे आज खंडेनवमी. आमच्या वसईत शेजारी सुताराचं घर होतं. खंडेनवमीला तो रंधा, करवत, पटाशी सगळं धुऊनपुसून पाटावर मांडायचा, हळदकुंकू वाहायचा. लहानपणी मी एकदा त्यातली पटाशी उचलायला गेलो तर त्याने माझा हात धरला होता. "आज तिला सुट्टी. उद्या पूजा उचलल्याशिवाय हात लावायचा नाही." आणि हळदकुंकू वाहायचं ते अनामिकेने. मी ख्रिस्ती असलो म्हणून काय झालं, वसईत वाढलेल्याला हे ठाऊक असतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. डाग माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मी हेर शोधत होतो.

सोमवारी लाँग वीकेंडची सुट्टीच होती. त्याला परत बोलावलं. टेप चालू केली आणि नियमाप्रमाणे मोठ्याने सांगितलं, की पुढचे प्रश्न मी मराठीत विचारणार आहे, भाषांतर सरकारी दुभाषी करील. मग विचारलं, "पाटावरून कधी उचलणार?"

मग त्याने चष्मा काढला आणि दोन्ही तळहातांनी तोंड झाकलं.

"आज पूजा उचलली की उद्या सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन ठेवणार होतो," तो म्हणाला. "कोणाला कळलंही नसतं. हा मॅनेजर सुट्टीत कपाट उघडेल असं वाटलं नव्हतं."

"पण कशासाठी रे?"

"बाबांसाठी."

मग तो बोलायला लागला तो थांबेना. वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरीला होते, फिटर म्हणून लागले, चार्जमन होऊन निवृत्त झाले. आई गेल्यावर त्यांना इथे आणलं. सून हॉस्पिटलमध्ये डॉक्टर, तिच्या शिफ्ट. मुलगा दिवसभर शेडवर. म्हातारा खिडकीशी बसून शेजारच्याच्या कुत्र्याशी मराठीत बोलायचा. कारखान्यात खंडेनवमीला केवढा थाट असे, यंत्रांना तोरणं, साहेब लोक चपला काढून यायचे, हे तो पुन्हा पुन्हा सांगे. या वर्षी म्हणाला, "इथे पाटावर काय मांडायचं? तुझा कॅलक्युलेटर?"

"मी मॅनेजरला विचारलं होतं," इंजिनिअर म्हणाला. "म्हटलं, बाबांना फक्त एकदा तोफ दाखवू दे. लांबून. तो म्हणाला, नो वे, फॉरेन नॅशनल. मग मी तो भाग घरी नेला. बाबांना सांगितलं, साहेबांनी परवानगी दिली." तो थांबला. "साहेब, नोकरी जाईल ते मला कळतंय. केस करा. पण त्यांना कळू देऊ नका. त्यांनी सबंध नोकरीत कारखान्यातून एक वॉशर बाहेर आणला नाही. एवढंच मागतो."

मी म्हटलं, "वचन देत नाही. प्रयत्न करतो."

इन्स्पेक्टर माणूस बरा होता. युनिफॉर्मवाले पाठवू नका, मी एकटा साध्या कपड्यांत जातो, म्हटल्यावर त्याने खांदे उडवले. "नो वरीज. बट गेट द थिंग." सर्च वॉरंट माझ्या आतल्या खिशात, बाकीचे दोघे रस्त्याच्या कोपऱ्यावर गाडीत.

दार म्हाताऱ्यानेच उघडलं. धुतलेला पांढरा सदरा, कपाळावर गंध. मी सांगितलं, तुमच्या मुलाच्या ऑफिसातून आलोय. मराठी ऐकून त्याचा चेहरा असा खुलला की मला जमिनीकडे बघावं लागलं.

"कुठले तुम्ही?"

"वसईचा, काका."

"म्हणजे ख्रिस्ती? मराठी झकास बोलता की!"

"आमच्याकडे तीच बोलतात, काका."

"बसा, बसा. सणाचं आलात. शिरा केलाय, सुनेने नाही, मी केलाय, तेव्हा नावं ठेवायची नाहीत."

बैठकीच्या खोलीत खिडकीखाली पाट मांडलेला होता. त्यावर नवं लाल कापड आणि कापडावर तो पोलादी भाग. हळदकुंकवाची बोटं, अक्षता, आणि झेंडू मिळाला नाही म्हणून कुंपणावरची कुठलीशी पिवळी फुलं. त्याच्या एका बाजूला मुलाची मोजपट्टी, दुसऱ्या बाजूला सुनेचा स्टेथोस्कोप. मी आयुष्यात पुष्कळ पंचनामे केले, पण मुद्देमाल असा सजवलेला कधी पाहिला नव्हता.

"काय काम केलंय बघा," म्हातारा म्हणाला. "डोळे मिटून हात फिरवला तरी कळतं. या कडेला बोट लावा. कुठे अडकतं का? आमच्याकडे असं काम करणारे होते, नव्हते असं नाही. पण सगळी हयात सुटे भाग केले हो. हा कुठे बसतो, तो बसला की पुढे काय होतं, ते कोणी दाखवलं नाही. परवा रात्री पोराने कागदावर काढून दाखवलं." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आणि तुमचे साहेब! काय दिलदार माणूस म्हणायचा. परक्या देशाचा, परक्या धर्माचा. पूजेला न्यायचंय म्हटल्यावर परवानगी दिली. आमच्याकडे रोज सुटताना गेटवर झडती व्हायची. दोन्ही हात वर करून उभं राहायचं, पाऊस असो, ऊन असो. निवृत्तीच्या दिवशी हार गळ्यात होता, तरी मी हात वर केले. शिपाई म्हणाला, अण्णा, आज राहू द्या. मी म्हटलं, नाही, बघ. रिकामाच आलो, रिकामाच चाललोय."

मी शिऱ्याची बशी खाली ठेवली आणि म्हटलं, "काका, तो भाग मला न्यायचाय. साहेबांनी मागितलाय."

"न्या की. कामाची वस्तू आहे." त्याने हात धुतले, चिमूटभर अक्षता त्या भागावर टाकल्या, काहीतरी पुटपुटला आणि तो पाटावर जरासा सरकवला. पूजा उचलली. कुंकू फडक्याने पुसलं, तेलाचा एक हात फिरवला. मग तो भाग त्याच लाल कापडात बांधला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.

मी हात पुढे केला तेव्हा त्याने तो सोडला नाही.

"पास द्या," तो म्हणाला.

"कसला, काका?"

"गेटपास. वस्तू बाहेर येताना एक बनतो, आत जाताना त्यावर शेरा पडतो. मी पोराला विचारलं होतं. तो म्हणाला, इथे विश्वासावर चालतं. मला वाटलं, चालत असेल." तो हसत होता, पण हळूहळू ते हसू थांबत गेलं. "तुम्ही नेताय, तर तुमच्याकडे तरी असेल."

माझ्या खिशात होतं ते वॉरंट. मी एक खोटा पास टाइप करून नेला असता तर, असं पुढे हजारदा मनात आलं. पण हे मला सुचायला मी त्या कारखान्याच्या गेटवर उभा राहिलेला असायला हवा होतो.

म्हाताऱ्याने माझ्याकडे नीट पाहिलं. माझ्या बुटांकडे, मग खिडकीतून कोपऱ्यावरच्या गाडीकडे.

"तुम्ही कंपनीचे नाही," तो म्हणाला.

मी ओळखपत्र काढून त्याच्यापुढे धरलं.

"त्याला अटक केलीय?"

"अजून नाही. काका, त्याने फक्त..."

"नको." त्याने तो भाग माझ्या हातात ठेवला. "कारण मला सांगू नका. गेटवर कारण विचारत नाहीत."

मग तो दोन पावलं मागे सरकला, भिंतीशी नीट उभा राहिला आणि त्याने दोन्ही हात वर केले.

"काका, याची गरज नाही."

"वस्तू माझ्या ताब्यात मिळालीय. माझी झडती घ्या. पद्धतीने घ्या."

मी नको म्हणालो, हात जोडले. तो हलला नाही. हात वर, नजर समोर, सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत घसरलेल्या. हात खाली येत नव्हते. शेवटी मी त्याची झडती घेतली. खिशात एक रुमाल होता आणि सुपारीचं खांड. मी म्हटलं, "काही नाही, काका." तेव्हाच त्याने हात खाली घेतले.

भाग त्याच दुपारी शेडमध्ये पोचला. मॅनेजरला मी सगळं सांगितलं. पूजेसाठी कोणी तोफेचा भाग नेतं यावर आधी त्याचा विश्वास बसेना. मग त्याने ते लाल कापड उलगडून पाहिलं. म्हणाला, त्यांच्याकडेही जुने फिटर पहिल्या नळीच्या आत खडूने आपलं नाव लिहितात, पहिल्या गोळ्याबरोबर ते जळून जातं. मी आशेने विचारलं, "मग?" तो म्हणाला, "नाव लिहिणं वेगळं. गेटबाहेर नेणं वेगळं." त्याचं चुकत होतं असं मला म्हणता येत नाही. तोफ ठरल्याप्रमाणे लष्कराने पाहिली. कोर्टाने इंजिनिअरला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं, शिक्षा केली नाही. पण ती नोकरी गेली आणि तो धंदाच त्याला बंद झाला. युरोपात तोफा बनवणारे मोजकेच, ते एकमेकांचे कट्टर वैरी, पण कोणाला घ्यायचं नाही याबाबतीत त्यांचं झटकन एकमत होतं.

दोनेक वर्षांनी तो मला पेंडल हिलच्या त्याच दुकानात भेटला. एअरकंडिशनर बसवणाऱ्या एका कंपनीत लागला होता. केस झाली त्याच महिन्यात वडील पुण्याला परत गेले, म्हणाला.

"बोलतात का?"

"दर रविवारी. हवा कशी आहे, सूनबाई कशी आहे, भाजी काय भाव, सगळं विचारतात. का केलंस, एवढं विचारत नाहीत. मी उत्तर तयार ठेवलंय, साहेब. तुमच्यासाठी केलं, म्हणणार आहे."

"मग सांगून टाक ना. विचारायची वाट कशाला बघतोस?"

"न विचारता सांगितलं तर ती सबब होते. आणि सबब त्यांना चालत नाही." त्याने कोथिंबिरीची जुडी पिशवीत टाकली. "विचारतील कधीतरी."

पुढच्या वर्षी वडील गेले. मला हे त्या दुकानदाराकडून कळलं. इंजिनिअर अंत्यविधीला वेळेत पोचू शकला नाही.

तरुण पोलिसांना शिकवायला मला अधूनमधून बोलावत. मी त्यांना सांगे, गप्प बसलेला माणूस काय लपवतोय यापेक्षा कोणापासून लपवतोय ते आधी शोधा. ती शिकवण याच केसची. तिचा उपयोग होतो, तपास लवकर लागतो. पण तिचा त्या बापलेकांना काही उपयोग झाला नाही. त्या माणसाने माझ्यासमोर चष्मा काढून, तोंड झाकून सगळं सांगितलं होतं, आणि ते मी टेपवर घेतलं, सही-शिक्का करून ठेवलं. तो कबुलीजबाब माझ्यासाठी नव्हताच. ज्याला तो द्यायचा होता, त्याने तो कधी मागितला नाही.